क्लायंट कॉलवर इंग्रजी येतं, पण शब्दाला वजन येत नाही. काय करावं?

हिंजवडीचा_वाटसरू (सोमवार, रात्री ११:५२)

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, सातारा जिल्हा, मग पुण्यात इंजिनिअरिंग, आता एका आयटी कंपनीत टीम लीड. क्लायंट अमेरिकेतला इन्शुरन्सवाला, म्हणजे आमचा कॉल रात्री साडेआठला, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागं गेली की साडेनऊला. व्याकरण ठीकठाक आहे, मेलला कोणी नावं ठेवत नाही, उलट मॅनेजर स्वतःचे मेल माझ्याकडनं ड्राफ्ट करून घेतो. पण कॉलवर माझं बोलणं चालू असताना लोक मधेच सुरू होतात, आणि तोच मुद्दा जरा वेळानं दुसऱ्या कोणी मांडला की "ग्रेट पॉइंट". टीममध्ये एक ज्युनिअर मुलगी आहे, कॉन्व्हेंटची, टेक्निकल अजून कच्चं आहे पण ती बोलली की सगळे ऐकतात. असूया वगैरे नाही हो, पोरगी गुणी आहे, पण डोक्यात किडा वळवळतोच.

परवाचंच सांगतो. क्लायंटच्या डायरेक्टर बाईंनी सरळ विचारलं, १४ तारखेला गो-लाइव्ह (सिस्टिम प्रत्यक्ष वापरात सुरू) होणार का. ट्रान्सक्रिप्ट समोर आहे, माझं उत्तर शब्द न् शब्द देतो:

"यस यस, सो ॲक्च्युअली व्हॉट हॅपन्ड इज, लास्ट वीक वुई गॉट द फाइल लिटल लेट फ्रॉम द अपस्ट्रीम टीम, सो टेस्टिंग इज पेंडिंग, अँड देअर आर वन ऑर टू इश्यूज, बट आय थिंक वुई विल ट्राय अवर लेव्हल बेस्ट, होपफुली इट शुड बी ओके."

बाई म्हणाल्या, "सो इज दॅट अ यस ऑर अ नो?" आणि मी तोंड उघडायच्या आत आमचा ऑनसाइटवाला (क्लायंटकडं बसणारा आमचाच माणूस) बोलून मोकळा, "इट्स अ नो. एटीन्थ." बाईंनी थँक यू म्हटलं आणि पुढचा विषय. १८ तारीख त्याला दुपारी मीच काढून दिली होती!

तर अनुभवी लोकांनी सांगा, नेमकं काय बदलायचं? ॲक्सेंटचा कोर्स लावू का? एक जाहिरात सारखी डोळ्यासमोर येतेय, फी ऐकून पोटात गोळा आला.

कट्टेकरी_बंड्या (मंगळवार, सकाळी ७:३०)

रुमाल टाकून ठेवतो. सेम टू सेम रड आहे.

शनिवारातला (मंगळवार, सकाळी ९:०५)

स्पष्ट बोलतो, राग नसावा. समोरचा माणूस पहिल्या वाक्यातच तुमचा उच्चार ऐकून तुमची पत ठरवून टाकतो, पुढं तुम्ही काय बोलता याला फारसा अर्थ उरत नाही. आपल्याकडे व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला एकच व, झिरोचा जीरो, थिंकचा ठिंक. आधी हे सुधारा. कोर्सची गरज नाही, रोज अर्धा तास चांगल्या इंग्रजी बातम्या मोठ्यानं त्यांच्यामागोमाग म्हणा. आणि "लेव्हल बेस्ट" हे कुठल्या काळातलं इंग्रजी आहे?

जर्सीची_काकू (मंगळवार, सकाळी ९:४०)

वाटसरू, तुझ्या मावशीच्या वयाची नक्की असेन म्हणून अरेतुरे करतेय. न्यू जर्सीत एडिसनला असते, क्यूए (सॉफ्टवेअर तपासणी) मॅनेजर, म्हणजे अशा कॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून तुमच्यासारख्यांना ऐकायचं हीच माझी नोकरी. तुमच्याकडं सकाळ झाली, माझी झोपायची वेळ, पण हे लिहूनच झोपते.

तुझ्या उत्तरात इंग्रजीची चूक अशी जवळजवळ नाहीच. आता बाईंच्या खुर्चीत बस. त्यांनी तारीख विचारली म्हणजे त्यांनाही वर कोणाला तरी तारीख द्यायचीय, हातात पेन आहे. तुझा पहिला शब्द यस. बाईंनी लिहिलं यस. मग फाइल उशिरा आली म्हणालास, बाईंनी यसवर काट मारली. मग "वन ऑर टू इश्यूज". अरे एक की दोन? तुला तर माहितीये ना किती आहेत ते! लीड आहेस. पुढं आय थिंक, ट्राय, होपफुली, शुड, एका दमात चार पळवाटा. शेवटी बाईंच्या कागदावर नुसती खाडाखोड. आणि ते यस यस. आपण "हो हो, ऐकतोय, बोला" या अर्थानं म्हणतो, त्यांना ते उत्तर वाटतं, यावरनं मी इथं खरीखुरी भांडणं झालेली पाहिलीयत.

ऑनसाइटवाला काही तुझ्यापेक्षा हुशार नाही. त्यानं विचारलं त्याचं उत्तर आधी दिलं, एवढंच.

माझ्याकडं नवीन येतात त्यांना मी सांगते, पहिलं वाक्य म्हणजे उत्तर. मग कारण, एकच, सगळ्यात मोठं. मग तू काय करणार आणि कधीपर्यंत. आणि मग गप्प. सगळ्यात अवघड ते गप्प बसणंच आहे बघ. दोन सेकंद लाइनवर कोणी बोललं नाही की आपला जीव कासावीस होतो, वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि आपण "बट वुई विल ट्राय" चिकटवून स्वतःच दिलेलं उत्तर स्वतःच पुसतो. अमेरिकन सैन्यात तर रिवाजच आहे, बॉटम लाइन अप फ्रंट म्हणतात, निष्कर्ष पहिल्या ओळीत, बाकीचं ज्याला हवं तो वाचेल.

आणि तारीख म्हणताना आवाज खाली आण. आपण वाक्याचा शेवट वर नेतो, मग "एटीन्थ?" असं परवानगी मागितल्यासारखं ऐकू येतं.

शनिवारातले साहेब, ॲक्सेंटचं तितकंसं पटलं नाही. माझा बॉस रशियन आहे, त्याचं द आणि झ एकच, पण तो बोलला की सगळे वही काढतात.

कट्टेकरी_बंड्या (मंगळवार, सकाळी ९:५८)

काकू, दंडवत. खाडाखोडीचं वाचून घाम फुटला.

दर्यावर्दी (मंगळवार, दुपारी २:२०)

शिपवरनं लिहितोय, नेट येईल तसं. मूळचा रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत सेकंड मेट. आमच्या ब्रिजवर (जहाज चालवायची खोली) आत्ता मी मराठी, कॅप्टन युक्रेनचा, हेल्म्समन (सुकाणू धरणारा) फिलिपिनो आणि पोर्टात शिरताना चढणारा पायलट चिनी. चौघांचं इंग्रजी चार तऱ्हेचं आणि चौघांपैकी एकाचीही ती मातृभाषा नाही, तरी तीनशे मीटरचं जहाज चॅनेलमधून जातं, रोज जातं.

कसं जातं तर बोलायची पद्धत ठरलेलीय. आयएमओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, २००१ साली स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेझेस मंजूर केले, आम्ही एसएमसीपी म्हणतो, ऑफिसर व्हायचं तर ते यावंच लागतं. काकूंनी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी त्यात नियम म्हणून लिहिलेल्या आहेत, वाचून गंमत वाटली.

एक, वाक्याच्या आधी ते वाक्य काय आहे ते सांगायची सोय. इन्स्ट्रक्शन, ॲडव्हाइस, वॉर्निंग, इन्फर्मेशन, क्वेश्चन, आन्सर, रिक्वेस्ट, इन्टेन्शन असे आठ मार्कर आहेत. व्हीएचएफ रेडिओवर गैरसमज व्हायची शक्यता वाटली की आधी "क्वेश्चन" म्हणायचं आणि मग विचारायचं. ऐकणारा विचारात पडत नाही की हा सुचवतोय, विनवतोय की हुकूम सोडतोय. मी हे घरी बायकोशी बोलताना करून पाहिलंय, तिथं चालत नाही.

दुसरं म्हणजे हो किंवा नाही एवढ्यावर थांबायचं नाही, उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. नुसतं यस म्हटलं तर कशाला यस? म्हणून "यस" आणि त्यापुढं ती गोष्ट परत म्हणायची. माहिती लगेच नसेल तर "स्टँड बाय" आणि किती मिनिटांत देणार तेही सांगायचं. मिळणारच नसेल तर "नो इन्फर्मेशन". बस. यात लाज कसली, उलट स्टँड बाय टेन मिनिट्स म्हणणाऱ्यावर समोरच्याचा भरवसा बसतो.

मे, माइट, शुड, कुड, कॅन हे शब्द तर संदिग्ध म्हणून वेगळे काढून ठेवलेत. "मे आय एन्टर" असं नाही विचारायचं, परवानगी आहे का असं सरळ विचारायचं. वाटसरू भाऊंच्या वाक्यातलं "शुड बी ओके" आमच्या कॅप्टननं ऐकलं असतं तर मला ब्रिजवरनं खाली पाठवलं असतं.

आकडे सुटे. कोर्स, म्हणजे जहाजाची दिशा, १५० असेल तर "वन फाइव्ह झिरो". आणि हुकूम मिळाला की हेल्म्समन तो परत म्हणतो, पूर्ण झाला की परत सांगतो. कोणी याला बावळटपणा म्हणत नाही.

विमानवेडा (मंगळवार, संध्या. ६:१५)

दर्यावर्दींचा प्रतिसाद वाखूत (वाचनखुणांत). आकाशातलंही जोडतो. २७ मार्च १९७७, तेनेरिफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ, धुकं. केएलएमच्या डच वैमानिकांकडून रेडिओवर गेलं की आम्ही आता टेक-ऑफवर आहोत. स्पॅनिश कंट्रोलरला वाटलं धावपट्टीवर तयार उभे आहेत. तो म्हणाला "ओके", आणि मग थांबायला सांगितलं, पण नेमकं तेव्हाच पॅन ॲमच्या विमानातूनही कोणीतरी बोललं आणि पुढचं सगळं खरखरीत गेलं. केएलएमच्या कानावर स्पष्ट पडलं ते ओके. दोन जंबो एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण त्यानंतर रेडिओवर टेक-ऑफ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असा दंडक झाला, एरवी डिपार्चर म्हणतात.

आणि शनिवारातले, तुमच्यासाठी: वैमानिकांच्या इंग्रजीला आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) सहा पातळ्या आहेत, आंतरराष्ट्रीय उड्डाणाला निदान चौथी लागते. सहावी म्हणजे एक्स्पर्ट. त्या सहाव्या पातळीतही मातृभाषेची छाप उच्चारावर असली तरी चालते, समजायला अडथळा जवळजवळ कधीच येऊ नये एवढीच अट आहे. मग स्टेटस कॉलला कशाला पाहिजे बीबीसी?

शनिवारातला (मंगळवार, संध्या. ६:४०)

विमानात परवाना तपासतात, कॉलवर माणसं माणसांना तपासतात. फरक आहे. ऐकणारे पूर्वग्रह घेऊनच बसलेले असतात, त्यांना तुमच्या पातळ्या माहीत नसतात. माझं मत कायम.

फोनेटिक्सची_मास्तरीण (मंगळवार, रात्री ९:३०)

शनिवारातले पूर्ण चुकीचे नाहीत, पूर्वग्रह असतातच. पण मेहनत कुठं घालायची याचा क्रम त्यांनी उलटा लावलाय. कॉलेजात हाच विषय शिकवते म्हणून जरा लांबण लावते.

जेनिफर जेन्किन्स या अभ्यासिकेचं २००० साली प्रसिद्ध झालेलं काम आहे, दोघंही परभाषिक असताना उच्चारातलं नेमकं काय बिघडलं की गाडं अडतं यावर. "थ" नीट न आल्यानं फारसं अडत नाही. अडतं ते स्वर आखूड-लांब झाले की, शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर मोडलं की, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाक्यातल्या भलत्याच शब्दावर जोर पडला की. आपण मराठी माणसं सगळ्या अक्षरांना सारखा न्याय देतो, वाक्य सपाट जातं, ऐकणाऱ्याला बातमी कुठं आहे ते सापडत नाही. तारीख विचारलीय तर जोर तारखेवर, बाकी शब्द पटकन उरकले तरी चालतील.

अजून एक जागा आहे जिथं मराठी माणूस हमखास अडकतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा पी, टी, के थोडी हवा सोडून म्हणतात, आपल्या प आणि ओठ मिटून म्हटलेल्या फ यांच्या मधला कुठंतरी. (हल्ली फळसुद्धा दात लावून म्हणतात लोक, तो वेगळा धागा.) आपण कोरा करकरीत प म्हणतो, त्यांच्या कानाला पॅकचं बॅक होतं. तोंडासमोर तळहात धरा, "पेमेंट" म्हणा, हवा लागली पाहिजे.

आणि कॅन. हे फार महाग पडतं. अमेरिकन माणूस "वुई कॅन डू इट" म्हणताना कॅन जवळजवळ गिळतो, "क्न" एवढंच राहतं, आणि कॅन्टमधला शेवटचा टी पण गिळतो. म्हणजे ठसठशीत "कॅन" ऐकू आलं की त्यांच्या कानाला ते "नाही जमणार" वाटू शकतं. आपण तर नेहमीच ठसठशीत म्हणतो! नकार असेल तर "कॅनॉट" पूर्ण म्हणा, होकार असेल तर कॅन टाळून "यस, वुई विल" म्हणा. फिफ्टीन-फिफ्टीचंही तेच, दर्यावर्दींसारखं "वन फाइव्ह" म्हणून मोकळं व्हायचं.

फुकटचा मास्तर हवा असेल तर मीटिंगमध्ये लाइव्ह कॅप्शन सुरू करा आणि आपण बोललेलं काय उमटतं ते बघा. यंत्रही चुकतं, पण एकच शब्द रोज चुकीचा उमटत असेल तर तो शब्द तुमचा आहे.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, रात्री १०:४५)

काय राजेहो, सारे तोंडासमोर हात धरून बसले का आता? माझं म्हणणं वेगळं हाय. जपानी, कोरियन लोकं तोडकंमोडकं बोलतेत तं कोणी हासत नाही, आपणच आपल्याले हासतो. वाटसरू भाऊ, ते पोरगी कॉन्व्हेंटची हाय म्हून तिचं ऐकतेत असं तुमाले वाटते. मले वाटते तिले लहानपणापासून बोलू देलं म्हून ऐकतेत. आमच्या शाळेत उभं राहून बोलाचं म्हंजे पाठ केलेलं उत्तर धडाधडा म्हनाचं, मधात थांबलं का छडी. थांबू नये हे तिथंच अंगात भिनलं, आता काकू म्हणते थांब. काऊन थांबता येईल बुवा? भाषेचा नाही, सवयीचा मामला हाय हा.

शनिवारातला (मंगळवार, रात्री ११:००)

झालं, आता मराठी शाळांच्या नावानं बोटं मोडा. माध्यमाचा आणि याचा

व्यवस्थापक (मंगळवार, रात्री ११:२०)

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, उरलेला वैयक्तिक होता. माध्यमाच्या वादाला दोन धागे आधीच आहेत, तिकडे जावे.

ट्रेझरीवाली (बुधवार, दुपारी १:१०)

ठेचा, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत, तारीख लिहून ठेवते.

मी मुंबईत एका बँकेत, समोर लंडनचं डेस्क. काकूंचं पटलं, पण जसंच्या तसं उचलू नका. एक तर ब्रिटिश माणसाला काकूंच्या पद्धतीनं तोंडावर "नो" मारलं तर तो चहा टाकून उठेल. तिथं वरिष्ठ माणूस "आय वंडर इफ वुई माइट लुक अगेन ॲट दिस" म्हणाला तर तो हुकूम असतो, सूचना नसते. म्हणजे मऊ शब्द वापरला की वजन जातं असं सरसकट नाही, ज्याच्याकडं अधिकार आहे त्याला मऊ बोलणं परवडतं.

मुख्य गोष्ट अशी की शंका दाखवण्यात काही वावगं नाही, पण ती कुठं आहे ते बोट ठेवून दाखवा. "आय थिंक इट शुड बी ओके" यात शंका सगळीकडं पसरलीय, ऐकणाऱ्याला काय धरावं कळत नाही. त्याऐवजी "आय ॲम शुअर अबाउट द डेट. आय ॲम नॉट शुअर अबाउट द व्हॉल्यूम, वुई हॅव टेस्टेड ओन्ली हाफ." यातही शंका आहेच, पण बोलणाऱ्याला आपलं काम किती माहितीये ते दिसतं. मी ज्यांना मानते ती माणसं अशीच बोलतात, आणि न माहीत असलेलं बिनधास्त ठोकून देणारे दोन-तीन तिमाहीत उघडे पडतात. (सगळे नाही पडत, हे दुर्दैव.)

आता बायकांचं. आम्ही काकूंसारखं तुकडा पाडून बोललो तर "शी इज अ बिट अग्रेसिव्ह", गोड बोललो तर कोणी ऐकत नाही. मार्गारेट थॅचर बाईंनी सत्तरच्या दशकात आवाज खाली आणायला नॅशनल थिएटरच्या व्हॉइस कोचकडं धडे घेतले होते, त्यांना घ्यावे लागले तर तुमची आमची काय कथा. मी आवाज बदलायच्या फंदात पडले नाही. मी दोनच गोष्टी करते. मधे कोणी बोललं तर "सॉरी" न म्हणता, आवाज न चढवता, "आय विल फिनिश दिस पॉइंट" आणि तेच वाक्य पुन्हा सुरुवातीपासून. आणि माझा मुद्दा दुसऱ्यानं उचलला तर लगेच "यस, दॅट्स द पॉइंट आय रेझ्ड, अँड द नेक्स्ट स्टेप इज" म्हणून पुढचं पाऊल मीच टाकते. भांडण होत नाही, मुद्दा परत येतो. दोन मैत्रिणी कॉलवर असतील तर आधी ठरवून एकमेकींचं नाव घेतो, "ॲज शी सेड" वगैरे, हे भलतंच काम करतं.

जर्सीची_काकू (बुधवार, संध्या. ५:३०)

ट्रेझरीवाली, शंका कुठं आहे ते दाखवायचं, हे माझ्या उत्तरात राहिलंच होतं, आणि तेच महत्त्वाचं आहे. ब्रिटिशांचं मात्र तुला लखलाभ, मला त्यांचा होकार कुठला आणि नकार कुठला ते अजून कळत नाही.

चाकणचा_टूलवाला (बुधवार, रात्री ८:००)

मी आयटीआयवाला, डाय-मोल्डचं काम, कस्टमर जर्मन. इंग्रजी त्यांचंही दुसरंच, माझं तिसरं. मी एकच करतो, आधी काय मोजलं ते सांगतो. "वुई मेजर्ड टेन पीसेस. टू आर आउट, बाय झिरो पॉइंट झिरो थ्री." ड्रॉइंग स्क्रीनवर ठेवतो, कर्सर त्याच डायमेन्शनवर. मग कोणी माझं व्याकरण बघत नाही, सगळे तो आकडा बघतात. जमणार नसेल तर "नॉट पॉसिबल इन दिस मटेरियल. पॉसिबल इन दॅट वन." जर्मन माणसाला नाहीचा राग येत नाही, उशिरा सांगितलेल्या नाहीचा येतो.

कट्टेकरी_बंड्या (बुधवार, रात्री ८:४०)

टूलवाले दादा एक नंबर. कोणी टोस्टमास्टर्सला (भाषणाच्या सरावाचे क्लब) गेलंय का? उपयोग होतो का?

विमानवेडा (बुधवार, रात्री ९:१०)

मी जायचो, पुण्यात. १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता ॲना इथं सुरू झालेली जुनी संस्था आहे, आपल्याकडंही भरपूर क्लब आहेत. तिथं एक जण आ-काउंटर असतो, तुम्ही किती वेळा आ, सो, यू नो केलंत ते मोजून शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो, कान लाल होतात पण फरक पडतो. तुमच्या कामाचं म्हणजे टेबल टॉपिक्स, आयत्या वेळी विषय आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं, हिरवं-पिवळं-लाल कार्ड दाखवतात. तयार भाषणं मात्र पाच ते सात मिनिटांची, त्यांचा कॉलवर शून्य उपयोग. कॉलवर सात मिनिटं सलग कोण बोलू देतंय तुम्हाला.

हिंजवडीचा_वाटसरू (गुरुवार, रात्री ११:३०)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, कोर्सचा विचार सोडला. आज कॉल होता. कॉलच्या आधी ऑनसाइटवाल्याला पिंग केलं की टेस्टिंगचं विचारलं तर मी बोलणार, तो म्हणाला अरे बोल ना, मला काय. म्हणजे इतके दिवस तो मला वाचवायला मधे पडत होता!

बाईंनी विचारलं रिग्रेशन (जुनं काही बिघडलं नाही ना याचं टेस्टिंग) कधी संपणार. मी: "मंडे. थ्री टेस्ट केसेस आर ओपन, ऑल थ्री इन बिलिंग. आय विल सेंड द रिपोर्ट बाय टेन ए. एम. युअर टाइम." आणि गप्प बसलो. इतकी शांतता, मला वाटलं कॉल ड्रॉप झाला, म्यूटवर बोट होतं. मग बाई म्हणाल्या "ओके, मंडे टेन" आणि पुढं गेल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत पण मधे पण कोणी पडलं नाही.

कॅप्शनमध्ये माझं "टेस्ट केसेस" रोज "डेस्क केसेस" उमटतंय. मास्तरीणबाई, तोंडासमोर तळहात धरून सराव चालू आहे, रूममेट बघतोय.

जर्सीची_काकू (शुक्रवार, सकाळी ८:५०)

शाब्बास! फक्त "युअर टाइम" नको, "ईस्टर्न" म्हण, त्यांच्यातलंच कोणी टेक्सासला बसलेलं असतं आणि मग दहा म्हणजे कोणाचे दहा यावर मेलामेली होते.

दर्यावर्दी (शुक्रवार, दुपारी ३:१५)

बाईंनी "मंडे टेन" परत म्हटलं बघा. आमच्याकडं रीड-बॅक म्हणतात. त्यांनी नाही म्हटलं तर तुम्ही म्हणा. उद्यापासून समुद्रात, नेट नाही, धागा पळवू नका.

कट्टेकरी_बंड्या (शुक्रवार, रात्री १०:०५)

सगळं पटलं पण एक सांगा. मी काल कॉलवर असंच स्पष्ट सांगितलं, "नो, नॉट बाय फ्रायडे." क्लायंट शांत होता, पण आमच्या मॅनेजरचा लगेच चॅटवर पिंग, "नो का म्हणालास, आपण मॅनेज केलं असतं ना." आता? इथं इंग्रजीचा काय संबंध?

जर्सीची_काकू (शुक्रवार, रात्री १०:४०)

इंग्रजीचा काहीच नाही. नाही म्हणायचा अधिकार तुला दिलाय का, ते आधी मॅनेजरकडून मराठीत वदवून घे. "तारीख विचारली तर मी सांगू की तुम्ही?" एवढंच विचार, कॉलच्या आधी, आणि जमलं तर चॅटवर लेखी. तो "मी सांगतो" म्हणाला तर तारखेचा प्रश्न आला की त्याचं नाव घेऊन चेंडू त्याच्याकडं टाकायचा. तू मधल्या मधे होपफुली होपफुली करायचं नाही.

ट्रेझरीवाली (शुक्रवार, रात्री ११:००)

बंड्या, "मॅनेज केलं असतं" या विषयावर वेगळा धागा काढ. मला पुष्कळ लिहायचंय, आणि इथं व्यवस्थापक जागे आहेत.